फिलिपीच्या पडक्या बॅसिलिका आणि आईला सापडलेला कशिदा

उंडगा_प्राणी (धागाकर्ता)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय, सांभाळून घ्या.

मागच्या सप्टेंबरात आई-बाबा श्टुटगार्टला आले होते. परत जायच्या आधी आठ दिवस ग्रीसला जायचं ठरलं. चारचौघं अथेन्स आणि सांतोरिनी करतात. आमच्या बाबांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलाय, त्यामुळे त्यांच्या यादीत पहिलं नाव फिलिपी. का, तर "ब्रूटस तिथे मेला." आईचं म्हणणं, मेला तो मेला, आपण आता उन्हात कशाला मरायचं? पण गेलो.

थेस्सालोनिकीहून बसने काव्हाला. काव्हाला हे समुद्राकाठचं उतरंडीवर वसलेलं देखणं शहर आहे, त्याच्यावर वेगळा धागा होईल. तिथून फिलिपी पंधराएक किलोमीटर आत. द्रामा नावाच्या गावाकडे जाणारी बस पकडायची आणि चालकाला "आर्हेआ" म्हणजे 'प्राचीन अवशेष' असं आधीच सांगून ठेवायचं. मी सांगितलं नाही. आम्हाला क्रिनिदेस गावात उतरवलं आणि मग भर उन्हात हायवेच्या कडेने चालत जावं लागलं. आई त्या वेळी काही बोलली नाही. ते जास्त वाईट असतं.

क्रिनिदेस हेच इथलं जुनं नाव, अर्थ साधारण 'झऱ्यांचं गाव'. समोरच्या थासोस बेटावरच्या लोकांनी ख्रिस्तपूर्व ३६० च्या सुमारास इथे वस्ती केली. चारच वर्षांनी अलेक्झांडरचे वडील फिलिप दुसरे आले, आसपासच्या सोन्याच्या खाणी पाहिल्या आणि गावाला स्वतःचं नाव देऊन टाकलं. (नामांतराची हौस जुनीच.) पुढे ख्रिस्तपूर्व ४२ च्या ऑक्टोबरात पश्चिमेच्या मैदानात ती प्रसिद्ध लढाई झाली. सीझरला मारणारे ब्रूटस आणि कॅशियस एका बाजूला, अँटनी आणि ऑक्टेव्हियन दुसऱ्या. जिंकलेल्यांनी निवृत्त सैनिकांना इथेच जमिनी दिल्या आणि ग्रीसच्या उत्तरेला एक छोटं रोम उभं राहिलं, पाट्यासुद्धा लॅटिनमध्ये. बाबा मैदानाकडे बघत वीसेक मिनिटं उभे होते. मला मका आणि सूर्यफुलं दिसली.

खरं सांगतो, चर्चं बघायला म्हणून आम्ही गेलोच नव्हतो. पण फिलिपीत शिरलं की लढाई मागे पडते, कारण डोळ्यांत भरतं ते सगळं त्यानंतरच्या पाचसहाशे वर्षांतलं. आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान असलेल्या या शहरात एकापाठोपाठ एक प्रचंड बॅसिलिका, म्हणजे लांबट चर्चं, बांधल्या गेल्या, आणि बहुतेक पडल्या. पुरातत्त्ववाले त्यांना 'ए', 'बी', 'सी' म्हणतात. आईने लगेच विचारलं, "शाळेच्या तुकड्या आहेत का?"

नाट्यगृहापासून सुरुवात केली तर आधी लागते ती ए. डोंगराच्या पायथ्याशी पायऱ्यांनी चढून जावं लागतं अशा उंच ओट्यावर. पाचव्या शतकाच्या शेवटची. पुढच्या अंगणापासून मागच्या अर्धगोल भिंतीपर्यंत लांबी साधारण १३० मीटर, रुंदी ५०. आता उभं असं जवळपास काहीच नाही. फरशी, खांबांची जोती, आडवे पडलेले खांब. बांधून झाल्यावर फार काळ न जाता भूकंपात कोसळली आणि पुन्हा कुणी बांधली नाही. तिच्या पायऱ्यांपाशी खडकातली एक अंधारी खोली आहे, तिला 'संत पॉलचा तुरुंग' म्हणतात (पॉल म्हणजे गावोगाव ख्रिस्ती धर्म सांगत फिरलेला प्रेषित, मराठी बायबलातला पौल). मुळात ती रोमन पाण्याची टाकी. नंतर लोकांनी तिला तुरुंग मानलं, आत प्रार्थनेची जागा केली, भिंतींवर चित्रं काढली. आत गारवा होता. आई तिथे दहा मिनिटं टेकली, तुरुंगात.

खाली उतरलं की इग्नाशिया मार्ग. आजच्या अल्बानियाच्या किनाऱ्यावरून निघून पार बायझँटियमपर्यंत, म्हणजे आजच्या इस्तंबूलपर्यंत जाणारा हा रोमन हमरस्ता गावाच्या मधोमध जायचा. फरसबंदी दगडांत गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या अजून आहेत. चाकोरी हा शब्द आपण रोज वापरतो, खरी चाकोरी मी पहिल्यांदा पाहिली. तिच्यात बोट घातलं तर अर्धं आत गेलं.

पुढे फोरम, म्हणजे भर चौक, आणि त्याच्या दक्षिणेला बी. फिलिपीचा जो फोटो सगळीकडे दिसतो तो हिचा. आकाशात घुसलेले विटा-दगडांचे दोन प्रचंड खांब, मधे कमान. तुर्की अमलात लोक या जागेला 'दिरेक्लेर' म्हणायचे, म्हणजे नुसतंच 'खांब'. सहाव्या शतकाच्या मध्याची. खांबांच्या माथ्यावरची पानं इतकी खोल कोरलेली आहेत की दगडाची जाळी वाटते. इस्तंबूलच्या हागिया सोफियात (मुळात तेही चर्चच) हीच धाटणी आहे. बांधणाऱ्याला लांबट बॅसिलिकेवर घुमट चढवायचा होता. चढवला. आणि चर्चची प्रतिष्ठापना व्हायच्या आतच तो खाली आला. पुढे काही शतकांनी कुणीतरी ओसरीचा भाग सावरून तेवढ्यातच एक लहान चर्च केलं. वाड्याचा मालक शेवटी देवडीत राहायला यावा तसं.

बीच्या कोपऱ्याला, जमिनीच्या खाली, रोमन सार्वजनिक शौचालय आहे. बैठकी, खालची पाण्याची नाली, सगळं जवळपास जसंच्या तसं. घुमट पडला, हे टिकलं. बाबांनी यावर जे भाष्य केलं ते इथे लिहीत नाही.

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला ते. फोरमच्या पूर्वेला पत्र्याच्या छपराखाली एक जागा आहे, बरेच लोक लांबूनच फोटो काढून पुढे जातात. इथे सन ४०० च्या सुमाराचं अष्टकोनी चर्च होतं. त्याच्या खाली त्याहून जुनं, साध्या आयताकृती दालनाचं चर्च सापडलं, आणि त्या दालनाची मोझेक फरशी, म्हणजे रंगीत दगडांचे बारीक तुकडे बसवून नक्षी केलेली. तीत ग्रीकमध्ये लिहिलंय की बिशप पोर्फिरिओस यांनी पॉलच्या बॅसिलिकेचं हे काम ख्रिस्तात केलं. हे पोर्फिरिओस ३४३ च्या सुमाराला सार्डिकाच्या, म्हणजे आजच्या सोफियाच्या, धर्मपरिषदेला हजर होते. त्यामुळे फरशीचा काळ जवळपास ठरतो: चौथ्या शतकाचा पूर्वार्ध. ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्यात ३१३ साली मोकळीक मिळाली. म्हणजे लपूनछपून घरात जमणारी माणसं नुकती उघड्यावर आली होती आणि हे त्यांचं पहिलंवहिलं स्वतःचं बांधकाम.

मी माहितीफलक वाचत होतो आणि आई कठड्यावर ओणवी होऊन बघत होती. म्हणाली, "हे भरतकाम आहे रे. बघ, ओळी कशा फिरवल्यात. आधी कड भरली, मग आतलं." मी म्हटलं, आई, दगड आहेत ते. ती म्हणाली, "असू देत की."

हॉटेलवर परतल्यावर फरशीवरच्या त्या ग्रीक लेखातला शब्द शोधला. फरशीच्या कामासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे तो 'केंतीसिस'. त्याचा मूळ अर्थ टाके घालणं, भरतकाम. पोर्फिरिओस यांनी बॅसिलिकेचा *कशिदा* केला, असं अक्षरशः तिथे लिहिलंय.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी काय म्हणत होते?"

(फोटो चढवायचा प्रयत्न करतोय, होत नाहीयेत.)

---

गिरिजात्मक

सुंदर! शेवटचा कशिदा फारच आवडला. फोटो हवेतच पण.

---

शंकेखोर

लेख छान. एक बाळबोध शंका. बॅसिलिका म्हणजे चर्चच ना? बांद्र्याची माउंट मेरी बॅसिलिका, गोव्याची बॉम जेझूची बॅसिलिका. मग "साध्या आयताकृती दालनाचं" म्हणजे काय? बॉम जेझू काही साधं नाही.

---

उंडगा_प्राणी

@शंकेखोर, एकच शब्द दोन अर्थांनी चालतो. माउंट मेरी किंवा बॉम जेझूला बॅसिलिका म्हणतात तो पोपने दिलेला मान आहे, इमारतीचा आकार कसाही असो. फिलिपीतला अर्थ त्याच्याही आधीचा: रोमन लोकांचं सार्वजनिक सभागृह. न्यायनिवाडा, व्यापार, सरकारी काम, सगळं तिथे चालायचं. मधे उंच छताचं लांब दालन, दोन्ही अंगांना खांबांच्या रांगा, रांगांपलीकडे बुटक्या छताच्या पडव्या, आणि एका टोकाला अर्धगोल कोनाडा. तिथे न्यायाधीश बसायचा.

ख्रिस्ती लोकांनी हाच आकार का उचलला ते देवळाशी तुलना केली की कळतं. रोमन देवळाचा गाभारा देवाच्या मूर्तीसाठी, यज्ञ बाहेर अंगणात, गर्दीही बाहेरच. ख्रिस्ती उपासनेत सगळ्यांनी आत एकत्र बसायचं, वाचन ऐकायचं, भाकर घ्यायची. त्यांना गाभाऱ्यापेक्षा सभामंडप हवा होता. तयार नमुना समोर होता. न्यायाधीशाच्या कोनाड्यात बिशप बसला, झालं.

---

नगरी_पाव्हणं

धागा पाहून लॉगिन झालो, नाहीतर मी नुसता वाचणारा.

आम्ही नगरचे. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. आमच्या घरात या गावाचं नाव फिलिपी नव्हे, 'फिलिप्पै'. मराठी बायबलात पौलाचं जे पत्र आहे ते 'फिलिप्पैकरांस पत्र'. तसंच करिंथकरांस, कलस्सैकरांस. लहानपणी मला वाटायचं हे फिलिप्पैकर म्हणजे संगमनेरकर, श्रीगोंदेकर असतात तसे कुणी आपल्याच बाजूचे. मोठा होईपर्यंत हे गाव ग्रीसमध्ये आहे हे डोक्यात शिरलंच नव्हतं.

बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा १६ वा अध्याय सगळा इथलाच. पौल आणि त्याचा सोबती सीला समुद्र ओलांडून आले, शब्बाथाच्या (ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या) दिवशी वेशीबाहेर नदीकाठी गेले, तिथे बायका जमलेल्या. त्यांत लुदिया, जांभळ्या कापडाची व्यापारीण. तिचा बाप्तिस्मा हा युरोपातला पहिला मानतात. मग या दोघांना चौकात फटके मारून तुरुंगात टाकलं. मध्यरात्री दोघं गाणी म्हणत असताना भूकंप झाला, दारं उघडली. तुरुंगाधिकारी कैदी पळाले समजून तलवार उपसून जीव द्यायला निघाला, तर पौल आतून ओरडला, आम्ही सगळे इथेच आहोत. सकाळी कळलं की ज्यांना चौकशीविना बडवलं ते रोमन नागरिक आहेत. मग अधिकाऱ्यांची पळापळ, येऊन गयावया. आजोबा हा भाग सांगताना फार रंगायचे. इंग्रजांच्या काळातले मास्तर, त्यांना अधिकाऱ्यांची गयावया आवडणारच.

नदी पाहिलीत का?

---

उंडगा_प्राणी

@नगरी_पाव्हणं, प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी आहे. हो, पाहिली. अवशेषांपासून थोडं पश्चिमेला. नदी कसली, ओढाच म्हणा. पण पाणी स्वच्छ, प्लेनची (म्हणजे चिनाराची) झाडं, आणि या सगळ्या दिवसातली एकमेव सावली. शेजारी लुदियाच्या नावाचं १९७० च्या दशकातलं चर्च आहे, आतून पूर्ण मोझेकनं भरलेलं. ओढ्यात उतरायला पायऱ्या केल्यात, लोक अजून तिथे बाप्तिस्मा घेतात. आम्ही होतो तेव्हा कोरियाहून आलेला एक गट गात होता. आईने पाय सोडले पाण्यात आणि सकाळच्या चालण्याबद्दल मला माफ केलं.

---

लेखणीबहाद्दर

दोन बारीक दुरुस्त्या.

एक, तुम्ही ज्या फोरममधून चाललात तो पौलाने पाहिलेला नाही. आज दिसणारा चौक बहुतांशी दुसऱ्या शतकातला, सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातला. पौल आला तो सन ४९-५० च्या सुमाराला. त्याच्या वेळचा चौक याच जागेवर, पण या फरशीच्या खाली.

दोन, 'फिलिप्पै'. गावाचं नाव ग्रीकमध्ये अनेकवचनी आहे आणि शेवटी 'ओई' अशी अक्षरं लिहितात. आजच्या ग्रीकमध्ये त्याचा उच्चार 'ई' होतो, म्हणून पाटीवर आणि बोलण्यात फिलिपी.

---

गिरिजात्मक

म्हणजे यातलं एकही चर्च पौलाने पाहिलं नाही?

---

लेखणीबहाद्दर

एकही नाही. पोर्फिरिओसची फरशीसुद्धा त्याच्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी झाली. बी बॅसिलिका पाचशे. शिवाजी महाराज आणि आपण यांच्यात जेवढं अंतर, त्यापेक्षा जास्त.

---

सुगरणीचा_खोपा

लुदिया जांभळं कापड विकणारी. जांभळ्याला ग्रीकमध्ये 'पोर्फिरा' म्हणतात, तो शंखातून काढायचा महागडा रंग. आणि तीनशे वर्षांनी बिशपचं नाव पोर्फिरिओस! आणि तो करतो काय, तर भरतकाम. मी शिवणकामाचे क्लास घेते, मला झोप येणार नाही आज.

तुमच्या आईंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. आधी कड, मग आतलं नक्षीकाम, मग पोकळ जागा भरायची. कच्छी कामात आम्हीही असंच करतो.

---

शंकेखोर

खरोखर काही संबंध आहे का या दोन्हींत?

---

सुगरणीचा_खोपा

नसेल हो. पोर्फिरिओस हे तेव्हा चारचौघांसारखं नाव होतं. पण आम्हाला आवडलं.

---

चुनाविटा

सिव्हिलवाला आहे, घुमट म्हटल्यावर राहवत नाही.

बीचा घुमट का पडला हे समजायला ए बॅसिलिका बघा. लांबट बॅसिलिकेवर साधारणपणे लाकडी कैच्यांचं उतरतं छत असतं. त्याचा भार सरळ खाली येतो, त्यामुळे खांब आणि भिंती सडपातळ चालतात. घुमट आणि विटांची कमानछतं तसं करत नाहीत. ती बाहेरच्या बाजूला ढकलतात. चारही अंगांनी तो रेटा पेलायला भरभक्कम काहीतरी लागतं. लांबट इमारतीत तो आधार दोन बाजूंना मिळतो, बाकीच्या दोन बाजूंना मारामार.

त्यात बायझँटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्यातलं, विटकाम. दोन विटांमधला चुन्याचा थर जवळपास विटेइतकाच जाड. हा चुना सावकाश आवळतो. घाईने वर चढवत गेलात तर ओल्या चुन्यावर भार येतो आणि भिंती बाहेर झुकतात. हागिया सोफिया ५३२ ते ५३७ अशी सहा वर्षांच्या आत उरकली. तिथेही भिंती झुकल्या आणि भूकंपानंतर ५५८ मध्ये मूळ घुमटाचा भाग कोसळला. राजधानीत, सम्राटाचा पैसा आणि साम्राज्यातले उत्तम स्थपती हाताशी असताना ही गत. फिलिपीच्या गवंड्याला दोष देववत नाही.

विजापूरचा गोल घुमट पाहिला असेल तर आठवा, त्यात घुमटाखाली एकमेकींना छेदणाऱ्या कमानी आहेत. त्या भार आतल्या बाजूला वळवतात आणि रेट्याला रेटा भिडतो. पण गोल घुमट बांधला गेला तो यानंतर हजारेक वर्षांनी.

आणि ते दोन खांब अजून का उभे? घुमट पडल्यामुळे! त्यांना ढकलणारं कुणी उरलं नाही.

---

तळ्यात_मळ्यात

शेवटची ओळ +१

---

कोल्हापुरी_ठेचा

बी बॅसिलिकेच्या खाली आधी काय होतं म्हणे?

---

उंडगा_प्राणी

@कोल्हापुरी_ठेचा, एका भागात बाजार, दुसऱ्या भागात 'पॅलेस्ट्रा', म्हणजे कुस्ती-व्यायामाची जागा. आपली तालीमच. ते शौचालय त्या तालमीचं.

@चुनाविटा, हा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, शाळेत असा गणिताचा मास्तर हवा होता.

---

कोल्हापुरी_ठेचा

तालीम पाडून चर्च. घुमट पडणारच की ओ. वस्तादाचा शाप.

---

सडेतोड

सगळं गोड गोड चाललंय म्हणून विचारतो. तालीम पाडली, बाजार पाडला, आणि देवळं? रोमन-ग्रीक देवळं पाडून त्याच दगडांत ही चर्चं उभी आहेत. त्याबद्दल कुणी लिहिणार का?

---

लेखणीबहाद्दर

@सडेतोड, प्रश्न रास्त आहे. सम्राट थिओडोसियस यांनी ३९१-३९२ मध्ये यज्ञ आणि देवळातली पूजा बंद करायचे हुकूम काढले. त्यानंतर साम्राज्यात अनेक ठिकाणी देवळं ओस पडली, काही पाडली गेली, काहींचे दगड दुसरीकडे लागले. जुन्या इमारतींचा दगड नव्यात वापरणं फिलिपीतही सर्रास दिसतं, त्यात देवळं आली तशी दुकानंही आली.

पण चित्र एकरंगी नाही. ए बॅसिलिकेच्या वर डोंगराच्या खडकात जुन्या देवांची उठावाची चित्रं कोरलेली आहेत. शिकारीची देवी डायना कितीतरी वेळा. ती अजून तिथे आहेत, चर्चच्या डोक्यावर.

आणि अष्टकोनी चर्चची गंमत धागाकर्त्यांनी सांगितलीच नाही. त्याला अगदी लागून ख्रिस्तपूर्व काळातली एका ग्रीक वीराची समाधी आहे. खाली थडगं, त्यावर नाव कोरलेलं: एक्सेकेस्तोसचा मुलगा एवेफेनेस. गावाने त्याला पूज्य मानलं होतं. ख्रिस्ती लोकांनी आपलं पहिलं चर्च नेमकं तिला खेटून बांधलं, नंतर त्यावर अष्टकोन उभा केला, आणि दोन्ही वेळा समाधी न मोडता आवारात घेतली. थडगं सापडलं ते आतल्या सोन्यासकट.

---

सडेतोड

ठीक. हे माहीत नव्हतं. मत बदललं असं नाही, पण समाधी बघायला आवडेल.

---

गिरिजात्मक

वीरगळाला शेंदूर लागतो आणि चार पिढ्यांनी तो गावाचा देव होतो, त्यातलाच प्रकार. पवित्र जागा पवित्रच राहते, देव बदलतात. आमच्या गावी म्हसोबाच्या मागे एक दगड आहे, त्यावर घोडेस्वार कोरलाय, लोक त्यालाही नारळ फोडतात. कोण होता ते कुणालाच माहीत नाही.

---

पापडीचा_पाव

वसईहून. आमच्याकडेही पडकी चर्चं आहेत, बरं का. किल्ल्यात. सेंट जोसेफच्या मनोऱ्यावर गोल जिन्याने चढता येतं, फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज कबरींचे दगड आहेत, त्यावरची नावं वाचता येतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हापासून हळूहळू छपरं गेली. आता भिंती, कमानी, वडाची मुळं. शनिवार-रविवारी फोटोशूट करणारी जोडपी.

त्यामुळे धागा वाचताना एक प्रश्न पडला. फिलिपीला लोक का परत आले नाहीत? वसईचा किल्ला पडला पण बाहेरची गावं, चर्चं, माणसं चालू आहेत. आमच्या बाजारात गेलात तर कळेल. फिलिपी पूर्ण ओस कसं पडलं?

---

लेखणीबहाद्दर

@पापडीचा_पाव, एका घावात नाही. सातव्या शतकाच्या सुरुवातीला मोठा भूकंप झाला, त्याच सुमाराला स्लाव टोळ्यांच्या स्वाऱ्या. शहर आकसलं. बायझँटाइन काळात ते मुख्यतः लष्करी ठाणं म्हणून राहिलं, दहाव्या शतकात तटबंदी दुरुस्त झाली. तुर्की अमलापर्यंत वस्ती संपत गेली. खालचं मैदान दलदलीचं होतं, ती विसाव्या शतकात उपसली. बंदर मात्र चालू राहिलं, ते काव्हाला. माणसं समुद्राकडे सरकली असं समजा.

ओस पडलं म्हणूनच १९१४ मध्ये फ्रेंचांना खणायला मोकळी जागा मिळाली. वर गाव असतं तर घराघरातून परवानगी काढत बसले असते. २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव आलं.

---

नगरी_पाव्हणं

भूकंपाने तुरुंगाची दारं उघडली आणि भूकंपानेच चर्चं पाडली. आजोबा असते तर यावर एक प्रवचन झालं असतं, तासाभराचं.

---

वाटाड्या

त्याच इग्नाशिया मार्गावर पश्चिमेला गेलात तर उत्तर मॅसिडोनियात बिटोलाजवळ हेराक्लिया लिंकेस्तिस आहे. हेही फिलिप दुसरे यांचंच गाव. तिथेही बॅसिलिका, आणि मोठीच्या ओसरीतलं मोझेक बघून तुमच्या आई उठणारच नाहीत. झाडं, फळं, पक्षी, प्राण्यांची झुंज. एकच करा, हिवाळ्यात जाऊ नका. थंडीपासून वाचवायला मोझेकवर वाळू पसरून ठेवतात. मी फेब्रुवारीत गेलो आणि वाळू बघून आलो.

---

तळ्यात_मळ्यात

मार्चमध्ये जायचा विचार आहे, सोबत सासू-सासरे. शाकाहारी. खायचं काय? आणि चालणं किती?

---

उंडगा_प्राणी

@तळ्यात_मळ्यात, चालणं दोनेक तास धरा, घाई न करता तीन. जमीन उंचसखल, फरशा गुळगुळीत. चपला नकोत, मी चपलांत होतो आणि ए च्या पायऱ्यांवर सपशेल आडवा झालो. ए चढायची नसेल तर सासू-सासऱ्यांना खाली रस्त्यानेच फोरमकडे न्या, पूर्वी या अवशेषांच्या मधूनच गाड्यांचा रस्ता जायचा, आता तो वाहतुकीला बंद आहे, त्यामुळे सपाट आणि निवांत आहे. पाणी बरोबर ठेवा. मार्चमध्ये ऊन नसेल पण वारा असेल.

आणि क्रम उलटा करा. आम्ही केला तसा नको. आधी अष्टकोन आणि कशिद्याची फरशी, डोळे ताजे असताना. मग बी. ते खांब कुठे पळून जात नाहीत, कुठूनही दिसतातच.

खाणं: मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची टोमॅटोतली भाजी मिळते, 'गिगांतेस'. आमच्या बाबांनी वर लिंबू पिळून, कच्चा कांदा मागवून खाल्ली. पालक-चीज भरलेला 'पाय' (pie), शेव्हाळलेली वांगी, दही. उपाशी राहणार नाहीत. काव्हालाजवळच्या नेआ कार्वाली गावचे 'कुराबिएदेस' नक्की घ्या: लोणी, बदाम आणि वरून पिठीसाखरेचा पाऊस. आई पहिला घास घेऊन म्हणाली, "नानकटाई."

---

सुगरणीचा_खोपा

शेव्हाळलेली वांगी म्हणजे काय हो?

---

उंडगा_प्राणी

भाजलेली. कीबोर्ड.

---

चुनाविटा

फोटो अजून आले नाहीत. निदान फरशीचा एक तरी टाका.

---

उंडगा_प्राणी

प्रयत्न चालू आहे. बाबांनी आज पूर्ण धागा वाचला. त्यांची तक्रार आहे की एवढ्या चर्चेत ब्रूटसवर कुणीही एक ओळ लिहिली नाही, आणि मी तर तो तिथे मेला एवढंच लिहून सोडून दिलं. त्यांच्या आग्रहावरून नोंदवतो: लढाया दोन झाल्या, एक नव्हे. पहिलीत ब्रूटसने ऑक्टेव्हियनची छावणी लुटली होती, पण तिकडे कॅशियस आपण हरलो अशा गैरसमजात जीव देऊन बसला. ब्रूटस दुसरीनंतर गेला.

आई शेजारी बसून विचारतेय की सुगरणताई क्लास ऑनलाइन घेतात का.